डोकं ठिकाणावर

मुशानच्या कबुतरांची ढाबळ माळ्यावर होती आणि माळ्यावर जायला एक लाकडी शिडी. शहात्तराव्या वर्षी शिडी चढू नये असं बायको सांगायची, मुलगा सारायेव्होहून फोनवर सांगायचा, खुद्द शिडीसुद्धा कुरकुरून सांगायची. पण मुशान चढायचाच. बरं, दाणे टाकायला म्हणावं तर तसंही नाही. दाण्यांचं झाकण, ढाबळीची खिडकी, पाखरू पकडायची जाळी, सगळं त्याने अंगणातून दोरीने ओढता येईल असं करून ठेवलं होतं. तो चढायचा झैकोची कबुतरं बघायला. झैको म्हणजे भिंतीपलीकडचा शेजारी. एप्रिलातल्या एका सकाळी बघता बघता मान जरा जास्तच लांब झाली, आणि मुशान शिडीची एकही पायरी न वापरता खाली आला.

खुबा मोडला.

आता झैकोचं आणि त्याचं काय होतं ते सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं वेड्यासारखं वाटेल. कबुतरवाल्यांचा एक कायदा आहे. सरकारने केलेला नाही म्हणून सगळे पाळतात. ज्याच्या छपरावर पाखरू उतरलं, त्याचं ते झालं. मुशानकडे सुलतानिया नावाची मादी होती. पांढरीशुभ्र, आखूड चोचीची, उडायला लागली की डोंगरावरच्या ढगात हरवायची आणि दुपारी बरोबर दारात. लढाई संपून दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हाची गोष्ट. एक दिवस ती झैकोच्या थव्यात मिसळली आणि झैकोच्या छपरावर उतरली. झैकोने जाळी टाकली.

मुशानचं म्हणणं, झैकोने खिडकीत तरणाबांड नर बसवला होता, ही फसवणूक. झैकोचं म्हणणं, नर सगळेच बसवतात, तुझाही बसलेला असतो, तुझ्या नराकडे कोणी बघत नाही त्याला मी काय करू. या शेवटच्या वाक्यापासून दोघांत आडवा विस्तव जात नव्हता. सुलतानिया कधीच म्हातारी होऊन मेली. पण तिची पिल्लं, पिल्लांची पिल्लं झैकोकडे नांदत होती, आणि मुशान त्यातलं एकूण एक आपलं धरायचा. रोज सकाळी दोघं आपापल्या अंगणात एकमेकांकडे पाठ करून उभे राहायचे, काठीला बांधलेलं फडकं हलवायचे, शिट्ट्या मारायचे, आणि वर आभाळात दोन थवे एकमेकांना ओढायचे. निरोप द्यायचा झाला तर बायकांमार्फत. गावातल्या लोकांना वाटायचं, दोन म्हातारे भांडतात. खरं म्हणजे ते दोघे नोकरीवर जायचे. पेन्शन झाल्यावर मुशानला सकाळी उठायला तेवढंच एक कारण होतं.

तर खुबा मोडला, आणि मुशान दवाखान्यात गेला. शेजारच्या खाटेवर स्टिपो होता, ट्रॅक्टरवरून पडून पाय मोडलेला, जीभ मात्र धडधाकट.

खुब्याची काळजी शेमसाला नव्हती. शेमसा म्हणजे मुशानची बायको. तिला काळजी डोक्याची. तिचा भाऊ कादरिया असाच ऑपरेशनला गेला होता. ऑपरेशन झकास झालं, आणि त्याच रात्री कादरियाला दवाखाना म्हणजे झेनित्सा शहराला जाणारी बस वाटायला लागली. नर्सला तिकिटाचे पैसे देऊ लागला. खिडकी उघडा, माझा स्टॉप आला म्हणून नळ्या उपटल्या. लोकांची अशी डोकी चार-आठ दिवसांत जाग्यावर येतात, कादरियाचं पूर्ण आलंच नाही. अजून शेमसा दर शुक्रवारी त्याला भेटायला जाते, आणि तो आदराने विचारतो, "बाई, तुम्ही कोणाच्या?"

"मला खुबा नको," शेमसा डॉक्टरीणबाईला म्हणाली. "खुबा राहू द्या लंगडा. डोकं परत द्या."

डॉक्टरीण एनिसा तरुण होती, बुटकी होती, आणि गावातच वाढलेली असल्यामुळे सगळ्या म्हाताऱ्यांना अमिजा म्हणायची, म्हणजे काका. ती खाटेवर टेकली.

"बघा, ऑपरेशननंतर म्हाताऱ्या माणसाची झोप मोडते. रात्रीचा दिवस होतो. मग मेंदू जागेपणी स्वप्नं बघायला लागतो. तो भ्रम. म्हणून अमिजाला मी दिवेलागणीला एक गोळी देणार. झोपवून पाडणारी नव्हे. अंगाची स्वतःची झोप असते ना, ती वेळेवर यावी म्हणून. सगळ्यांना लागू पडतेच असं मी छातीठोक सांगत नाही. आमच्या वॉर्डात पडते, एवढं बघितलंय."

"आणि ही?" शेमसाने पर्स उघडून पिवळी गोळी दाखवली. नसा शांत करायची. आता त्या खोऱ्यात अशी बाई शोधून दाखवा जिच्या पर्समध्ये ती गोळी नाही. लग्नाला चालते, मयताला चालते, सुनेला चालते.

"ही अजिबात नाही," एनिसा म्हणाली. "भ्रम नसला तर हिने होतो. पर्स बंद करा. तुम्ही काय करायचं, दिवसा त्यांना डुलक्या घेऊ द्यायच्या नाहीत. चष्मा डोळ्यांवर, यंत्र कानात, पडदे उघडे. बोलत राहायचं."

"बोलायचं मी बघते," शेमसा म्हणाली.

"ते ती बघेल," मुशान म्हणाला.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सगळे येऊन हलाल मागून गेले. सुरीखाली जायच्या आधी माणूस हिशेब मोकळा करतो. एकाने म्हणायचं, हलाल कर, म्हणजे माझं काही चुकलं असेल, तुझं काही माझ्याकडे राहिलं असेल, ते सोड. दुसऱ्याने म्हणायचं, हलाल असो. झालं. मग जे घेतलं ते घेणाऱ्याचं, त्यावर देवाघरीसुद्धा दावा लावता येत नाही. मुशानने मेहुण्याला हलाल केलं, चक्कीवाल्याला केलं, गॅरेजवाल्याला केलं, आणि त्या गॅरेजवाल्याला करणं सोपं नव्हतं.

"झैको राहिला," शेमसा म्हणाली.

"मेलो तरी नाही."

"मेल्यावर कसा करशील?"

"म्हणून तर म्हणतोय."

ऑपरेशन झालं. दिवेलागणीला नर्सने गोळी दिली, मुशानने बिस्मिल्ला म्हणून गिळली आणि भिंतीकडे तोंड करून वाट बघत बसला, की आता झेनित्साची बस येईल. बस आली नाही. झोप आली. पोरपणी वैरणीवर लागायची तशी. डोळे उघडले तेव्हा डोंगराच्या डोक्यावर ऊन आलेलं, पडदे उघडे, आणि स्टिपो म्हणत होता, "जिवंत आहेस काय? घोरणं थांबलं म्हणून मी घाबरलो."

एनिसा आली. वार विचारला, मुशानने सांगितला. महिने उलटे म्हणायला लावले, तो डिसेंबरपासून जानेवारीपर्यंत उताराला लागलेल्या गाडीसारखा सुटला. ती इतकी खूश झाली की दोन शिकाऊ डॉक्टरांना बोलावून तिने मुशान दाखवला. "हे डोकं बघा," ती म्हणाली. "माझ्यापेक्षा ठिकाणावर आहे."

मुशान फुगला. अंग हलकं, डोकं धुतल्यासारखं स्वच्छ, शेमसा डब्यातून चिकनचं सूप चमच्याने भरवतेय. एवढं सुख माणसाला सोसत नाही. अशा वेळी माणूस काहीतरी चांगुलपणा करून बसतो.

आणि नेमका दारात झैको.

हातात अर्धा किलो कॉफी, साखरेच्या वड्यांचा डबा, सफरचंदाचा रस. कमरेला हर्नियाचा पट्टा. हा पट्टा तो कित्येक वर्षं बांधून होता, कारण ऑपरेशनचं नाव निघालं की तो गावातून नाहीसा व्हायचा. दवाखान्याचा वास नाकात गेला म्हणूनच त्याचा चेहरा पांढरा पडलेला. तरी आला. खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला आणि मुशानच्या पायांना उद्देशून म्हणाला, "मुशान. ऐकलं पडलास म्हणून."

"पडलो."

"माझ्याकडे बघताना पडलास म्हणतात."

"तुझ्याकडे कोण बघतंय? कबुतरांकडे बघत होतो."

"तेच." झैकोने साखरेचा डबा या हातातून त्या हातात घेतला. "हलाल कर, मुशान. म्हातारे झालो."

स्टिपोने रेडिओ बंद केला. आणि मुशान, पोटभर झोपलेला, पोटभर जेवलेला, ऐकायच्या यंत्रासकट, चष्म्यासकट, म्हणाला, "हलाल असो. सुलतानिया हलाल. तिची पोरंबाळंही हलाल."

झैकोच्या डोळ्यांतून पाणी. शेमसाच्या डोळ्यांतून पाणी. स्टिपोने छातीवर क्रूस काढला आणि नाक पुसलं. हात मिळवले, कॉफीचा पुडा स्वीकारला, झैको भिंतीला धरून बाहेर गेला.

दुपारपर्यंत सगळं ठीक होतं.

दुपारी मुशानने खिडकीतून बघितलं. गावावर एक थवा फिरत होता. यंत्र लावलं तरी पंख ऐकू येत नव्हते, पण ते वळण तो ओळखत होता. झैकोचा थवा. पुढे एक पांढरी, सुलतानियाची नात की पणती, डोंगराकडे झेपावत होती. रोज अशा वेळी मुशानच्या पोटात एक गोड आग पेटायची, बघ माझं पाखरू त्या चोराकडे, आणि त्या आगीवर त्याचा दिवस शिजायचा. आज पोटात बघितलं तर राख. पाखरू झैकोचं. झैको चोर नाही. उद्या सकाळी उठून करायचं काय?

"स्टिपो," तो म्हणाला, "सकाळी मी काय बोललो?"

"सोन्यासारखं बोललास. मी घरी फोन करून सांगितलं."

"मला तर काहीच आठवत नाही. बरळलो असेन."

"बरळतोस कसला. नाव घेऊन दिलंस. पोरंबाळंसुद्धा दिलीस. वकिलाला सुचलं नसतं."

संध्याकाळी शेमसा आली तेव्हा तिच्यावरही प्रयोग करून बघितला. म्हणाला, "ऑपरेशननंतर लोक काहीबाही बोलतात. तुझ्या कादरियाने रुग्णवाहिका चुलत्याला बक्षीस दिली होती, ती कोणी मागायला आलं का? तसंच हे. भ्रमात दिलेलं हलाल कुठे धरतात?"

"तुला भ्रम नव्हता."

"तुला काय माहीत?"

"झैको यायच्या तासाभर आधीच डॉक्टरीण तपासून गेली होती. माणसं बोलावून दाखवलं तुला. डोकं ठिकाणावर असताना दिलंस, मुशान. देवासमोर, माझ्यासमोर आणि त्या कॅथलिकासमोर."

"मी कोणाला काही बोलणार नाही," स्टिपो म्हणाला. त्याचं तोवर साऱ्या मजल्याला सांगून झालं होतं.

मुशान रात्रभर विचार करणार होता, पण दिवेलागणीला गोळी मिळाली आणि तो पुन्हा लाकडासारखा झोपला. त्या गोळीने त्याला चिंता करायचीसुद्धा सोय ठेवली नाही.

सकाळी मात्र त्याने ठरवलं. डोकं फिरलेलं नसेल तर फिरवून घ्यावं. दोन दिवसांचा भ्रम पुरे. मग लोकच म्हणतील, बिचारा, आधीपासूनच सुरू असणार, ते हलाल काय खरं नव्हे. दोन दिवसांनी परत शहाणं व्हायचं, घरी जायचं, अंगणात झैकोकडे पाठ करून उभं राहायचं.

एनिसा हसत आली. "काय अमिजा, झोप?"

"बाई," मुशान खोल आवाजात म्हणाला, "छताला कबुतरं बसलीत."

तिचं हसू कोणी बटण दाबावं तसं विझलं. ती खाटेवर बसली, त्याचा हात हातात घेतला. "किती आहेत?"

"बरीच."

"आज वार कोणता?"

"रविवार." गुरुवार होता.

"महिने उलटे म्हणा बघू."

"डिसेंबर. नोव्हेंबर." इथे मुशानला कळलं की शहाण्या माणसाला चुकणं किती जड जातं. जीभ आपली घराच्या वाटेला लागलेल्या घोड्यासारखी ऑक्टोबरकडे चालली. तिचा लगाम खेचून त्याने कसाबसा एप्रिल काढला, मग परत नोव्हेंबर, आणि घाम पुसला. घाम मात्र खरा होता.

एनिसाने कपाळाला हात लावून बघितला. मग उठली आणि नर्सला भराभर सांगायला लागली. रक्त तपासा, लघवी तपासा, जंतू झालेत का बघा, छातीचा फोटो काढा. परवा घरी सोडायचं होतं ते रद्द. "काय सुटलं माझ्याकडून," असं स्वतःशीच म्हणत ती फोनकडे गेली. चालताना तिचं वय एकदम वाढल्यासारखं दिसलं. मुशानला जरा वाईट वाटलं. पण जरासंच.

स्टिपो छताकडे बघत होता. "मला एकपण दिसत नाही," तो म्हणाला. "माझ्या बाजूला पाठवशील एखादं?"

"गप्प बस."

दारात शेमसा उभी होती. कधीपासून, देव जाणे. तिने डबा स्टुलावर ठेवला. ती रडली नाही, ओरडली नाही, आणि तेच वाईट होतं, कारण एरवी ती दोन्ही करायची. त्याचं पांघरूण सारखं केलं. चष्मा काढून डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने पुसला, परत नाकावर ठेवला. मग बसली. हात पर्समध्ये गेला, आत ती पिवळी गोळी चाचपडत होता.

"मुशान," ती हळूच म्हणाली, "मी कोणाची?"

त्याने तिच्याकडे बघितलं. डोक्यावरचा रुमाल सरकला होता, तिला भान नव्हतं. दर शुक्रवारी भावाकडून ऐकलेला तो प्रश्न ती आज स्वतः उलटा विचारत होती, आणि उत्तराला घाबरून अर्धी झाली होती.

आता नुसतं गप्प बसायचं होतं. तोंडसुद्धा उघडायचं नव्हतं. गप्प बसला असता तर सुलतानिया परत त्याची, पोरंबाळं परत त्याची, सकाळ परत त्याची.

छताला ट्यूबचा एक दिवा फडफडत होता. मुशानने तो तीन-चारदा फडफडू दिला.

"माझी," तो म्हणाला. "दुसरं कोण घेत होतं तुला? माझ्याआधी तिघांना विचारलं होतं तुझ्या बापाने."

शेमसाचा हात पर्समध्ये थांबला. "दोघांना."

"तिघांना. तिसरा झेनित्साचा, तो टकला, बेकरीवाला."

"त्याने विचारलं होतं. आम्ही नाही."

"तेच ते."

"तेच ते कसं? त्याने दोनदा विचारलं होतं," शेमसा म्हणाली, आणि आता मात्र रडायला लागली, मोठ्याने, नेहमीसारखी. मग डोळे पुसून तिने विचारलं, "आणि कबुतरं?"

"नाहीत. दिवा आहे तो, खराब झालाय. बदलायला सांग त्यांना."

एनिसा परत आली ती धापा टाकत, मागे एक माणूस फोटोचं यंत्र ढकलत. मुशानला सांगावंच लागलं. नाही म्हणजे, सांगितलं स्टिपोने, कारण मुशानने सुरुवात करून पांघरूण तोंडावर घेतलं. स्टिपोने मात्र सुलतानियापासून टकल्या बेकरीवाल्यापर्यंत काही गाळलं नाही. यंत्रवाला दारालाच टेकून ऐकत राहिला.

एनिसा खाटेवर टेकली. मग म्हणाली, "अमिजा, डोकं जाऊ नये म्हणून लोक माझ्या पाया पडतात. डोकं गेलं नाही म्हणून रुसलेला माणूस मी आज बघितला."

पांघरुणातून आवाज आला, "तुम्ही हलाल करा, बाई."

"हलाल असो. पण रक्त आणि फोटो मी तपासणारच. खोटं बोलून खरोखर आजारी पडलेलेही बघितलेत मी."

काही निघालं नाही. शनिवारी मुशान घरी आला, चाकांच्या वॉकरसकट. गावात नुसतं कौतुक. खाटिकाने त्याच्या हातात हात घेतला, मशिदीत इमामाने दोन म्हाताऱ्यांचा दाखला दिला. झैको रोज संध्याकाळी कॉफीला यायला लागला. दोघे समोरासमोर बसायचे. हवा कशी आहे. बरी आहे. पाय कसा आहे. आहे. मग कप संपायचा. मुशान शेमसाला म्हणाला, "इतकी वर्षं मला वाटायचं हा माणूस वाईट आहे. हा तर कंटाळवाणा आहे."

मुशान वाळायला लागला. सकाळी उठेनासा झाला. शेमसा घाबरून एनिसाकडे जाऊन आली, ती म्हणाली, डोक्याचं काही नाही, त्यांना काहीतरी काम द्या.

जूनमधल्या एका सकाळी त्याने खुर्ची अंगणात नेऊन मागितली. काठीला फडकं बांधून मागितलं. शिट्टी मारली. मागच्या भिंतीपलीकडून झैकोनेही थवा सोडला, खुशीने ओरडून म्हणाला, "शाबास मुशान, उडव, दोघांचे एकत्र उडू दे." उडाले एकत्र. आणि मुशानने खुर्चीतूनच एक दोरी ओढली. वर ढाबळीची खिडकी उघडली. खिडकीत त्याचा सगळ्यात तरणाबांड नर, मान फुगवून.

सुलतानियाची पणती दोन फेऱ्या मारून गेली. तिसऱ्या फेरीला मुशानच्या छपरावर उतरली, इकडेतिकडे बघितलं, आणि खिडकीकडे चालू लागली.

मुशानने दुसरी दोरी ओढली. जाळी पडली.

भिंतीवर झैकोचं डोकं आलं, लालबुंद. "मुशान. ती माझी आहे. तू हलाल केलीस. वॉर्डासमोर केलीस."

"केली. ती तुझीच होती," मुशान म्हणाला. "माझ्या छपरावर उतरेपर्यंत."

"नर बसवलास."

"सगळेच बसवतात."

"डोकं फिरलंय तुझं."

"डॉक्टरीणबाईला विचारून ये. माणसं बोलावून दाखवते ती माझं डोकं."

झैको जे बोलला ते इथे सांगण्यासारखं नाही. बोलता बोलता कमरेचा पट्टा धरून वाकला, तरी बोलायचा थांबला नाही. मग धाडकन त्याचं दार वाजलं, आणि थोड्या वेळाने त्याची बायको भिंतीशी येऊन शेमसाला म्हणाली, आमचे हे म्हणतात, आजपासून कॉफी बंद.

शेमसा स्वयंपाकघरात परत आली, पर्समधली पिवळी गोळी काढली, बघितली, आणि परत ठेवून दिली. पेस्ट्रीची कणीक मळायला घेतली. बाहेर मुशान शिट्ट्या मारत होता.

"शेमसा," त्याने हाक मारली. "झैकोच्या बायकोला सांग, नवऱ्याचं हर्नियाचं ऑपरेशन करून घे म्हणावं. आता लांबवू नका."

"तुला कधीपासून त्याची काळजी?"

"डॉक्टरीणबाईकडेच करा म्हणावं. आणि गोळी मात्र घ्यायला लाव. डोकं अगदी स्वच्छ राहतं, सांग." त्याने काठी फिरवली, वर थवा वळला. "ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफी आणि साखर घेऊन मी स्वतः जाईन. हलाल मागायला."